मद्रासची हेराल्ड : तिचे पाणी आणि तिची वीज

मोटारगाडीची कसून परीक्षा पाहणारे दोन ऋतू चेन्नई शहरात आहेत. पहिला मे महिन्यातला. मेच्या पहिल्या आठवड्यापासून महिनाअखेरीपर्यंतच्या कडक उन्हाळ्याला तमिळ लोक ‘अग्नि नक्षत्रम्’ म्हणतात. बोलण्यात त्यालाच ‘कत्तिरि वेयिल’ असे नाव आहे. ३१ मे २००३ रोजी तेथील नुंगंबाक्कम वेधशाळेत ४५ अंश सेल्सियस इतके तापमान नोंदले गेले होते. दुसरा ऋतू मराठी वाचकांना काहीसा नवलाचा वाटेल. आपल्याकडे पाऊस परतला, शेतांत सुगीची लगबग सुरू झाली की तिकडे ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो आणि डिसेंबरपर्यंत थांबून थांबून कोसळत राहतो. दिवस लहान झालेले असतात, कचेऱ्या सुटण्याच्या वेळीच अंधारून येते, रस्त्यांवर पाणी साचते, आणि अण्णा सालै या हमरस्त्यावर (जुनी माणसे त्याला अजूनही माउंट रोडच म्हणतात) दिवे व वायपर चालू ठेवून वाहनांची रांग मुंगीच्या पावलांनी पुढे सरकत असते.

आजच्या गाडीला या दोन्ही ऋतूंचे फारसे काही वाटत नाही. परंतु ज्यांच्या दारात साठ वर्षांपूर्वीची स्टँडर्ड हेराल्ड अजून उभी आहे, अशा कुटुंबांना हे दोन्ही ऋतू जिवावरचे वाटतात. मे महिन्यात तिचे पाणी उकळते आणि नोव्हेंबरात तिची बॅटरी बसते. एकदोनदा भर चौकात गाडी ढकलण्याची पाळी आली म्हणजे घरातील मंडळी तिच्यात बसायला राजी होत नाहीत. मग ती पोर्चमध्ये कापडाखाली झाकून ठेवली जाते. टायर बसतात, ब्रेक धरतात, टाकीत गंज चढतो, आणि एके दिवशी पुदुपेट्टै भागातील जुन्या सुट्या भागांच्या बाजारात तिचे दिवे वेगळे आणि दरवाजे वेगळे विकायला आलेले दिसतात. म्हणून तिला थंड कसे ठेवावे आणि तिची वीज कशी पुरवावी, हा प्रश्न केवळ हौशी मंडळींचा नाही. गाडी नांदती ठेवायची की मोडीत काढायची, हेच त्यावर ठरते.

हेराल्ड मूळची इंग्लंडची. ट्रायम्फ हेराल्ड या नावाने ती १९५९ साली तेथे बाजारात आली. तिची आकृती जोव्हान्नी मिकेलोत्ती या इटालियन रेखनकाराने काढली होती. खाली स्वतंत्र सांगाडा आणि त्यावर बोल्टांनी जोडलेले पत्र्याचे भाग, अशी तिची बांधणी होती. त्या काळी इतर कारखाने एकसंध कवचाच्या गाड्यांकडे वळत असताना ही रीत जुनाट वाटे. पण दूरदेशी सुटे भाग पाठवून तेथे गाडी जोडण्यास ती फार सोयीची ठरली. पुढचे सबंध बॉनेट मडगार्डांसकट पुढे उलटते आणि इंजिन तिन्ही बाजूंनी मोकळे होते. ज्याला आपल्या हाताने गाडी दुरुस्त करण्याची आवड आहे त्याला याहून दुसरे सुख नको.

हिंदुस्थानात १९५३ साली शासनाने असे धोरण ठरविले की, ज्या कंपन्या केवळ परदेशी सुटे भाग आणून गाड्या जोडतात आणि येथे निर्मिती करण्याची योजना आखत नाहीत, त्यांनी आपले काम आवरते घ्यावे. जनरल मोटर्ससारखी मोठी कंपनी मुंबईतील शिवडीचा कारखाना बंद करून गेली ती यानंतरच. उरलेल्यांपैकी मोटारींचे तीन निर्माते पुढे घरोघरी परिचित झाले : कलकत्त्याचे हिंदुस्थान मोटर्स, मुंबईचे प्रीमियर ऑटोमोबाइल्स आणि मद्रासचे स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया. या तिसऱ्या कंपनीने मद्रासच्या दक्षिणेस वंडलूरनजीकच्या आपल्या कारखान्यात १९६१ साली हेराल्ड काढण्यास प्रारंभ केला. पहिले इंजिन ९४८ घन सेंटिमीटरचे होते. पुढे ते ११४७ चे झाले. काही वर्षांनी कंपनीने चार दारांची हेराल्ड काढली. ती इंग्लंडात कधीच निघाली नव्हती. ती संपूर्णतः मद्रासची. हेराल्डच्या वंशातील शेवटची गाडी गॅझेल. तिचे उत्पादन १९७७ मध्ये थांबले, आणि १९८५ साली आणलेल्या ‘स्टँडर्ड २०००’ या मोठ्या गाडीस यश न आल्याने कारखानाही पुढे बंद पडला.

या साध्या कौटुंबिक गाडीचा स्पोर्ट्‌स मोटारींशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध रक्ताचा आहे. हेराल्डचाच सांगाडा आखूड करून ट्रायम्फने १९६२ साली स्पिटफायर ही दोन आसनांची उघडी स्पोर्ट्‌स मोटार काढली. तिची आकृतीही मिकेलोत्तींचीच. १९८० पर्यंत तिच्या सुमारे तीन लाख गाड्या निघाल्या आणि जगभर तिचे चाहते आहेत. आयातीवर कडक निर्बंध असताना मद्रासच्या वेगवेड्या तरुणांना स्पिटफायर मिळणे दुरापास्त होते. त्यांनी आपली हौस हेराल्डवर भागवली. दुसऱ्या महायुद्धात बांधलेल्या शोलावरम् येथील धावपट्टीवर मद्रास मोटर स्पोर्ट्‌स क्लब शर्यती भरवीत असे, आणि तेथे हेराल्ड गाड्याही धावत. शर्यती १९९० पासून श्रीपेरुंबुदूरजवळच्या इरुंगाट्टुकोट्टै येथील नव्या मार्गावर गेल्या. या नात्याचा आज मोठा लाभ असा की, स्पिटफायरच्या मालकांनी पाणी आणि वीज यांबाबत गेल्या पन्नास वर्षांत जे अनुभव जमा केले, ते चेन्नईच्या हेराल्डला बहुतांशी जसेच्या तसे लागू पडतात.

विजेचा जमाखर्च

मोटारीतील विजेचा व्यवहार समजण्यास घरचा संसार डोळ्यांपुढे आणावा. डायनॅमो ही मासिक प्राप्ती, बॅटरी ही शिल्लक, आणि दिवे, वायपर, इंजिनातील ठिणगी हा खर्च. त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांवर सर्रास आढळणारा ल्युकास कंपनीचा सी-४० जातीचा डायनॅमो फार तर २२ अँपिअर प्रवाह देत असे, आणि तोही इंजिन चांगल्या वेगाने फिरत असतानाच. आता खर्च पाहा. पुढचे दोन दिवे मंद प्रकाशावर ठेवले तरी सात-साडेसात अँपिअर. ठिणगीसाठी सुमारे चार. मागचे दिवे, क्रमांकाच्या पाटीचा दिवा आणि फलकावरचे दिवे मिळून दोन-अडीच. वायपर तीनच्या आसपास. आणि गर्दीत पाय सतत ब्रेकवर असल्यामुळे मागचे तांबडे दिवे आणखी साडेतीन. बेरीज वीसच्या घरात जाते. कागदावर हा संसार कसाबसा भागतो. पण गाडी चौकात उभी राहिली की डायनॅमोची प्राप्ती जवळजवळ शून्यावर येते. नियंत्रक पेटीतील कट-आउट हा भाग डायनॅमोला बॅटरीपासून तोडतो, फलकावरचा तांबडा दिवा लागतो, आणि सारा खर्च शिलकीतून होऊ लागतो. चाळीस अँपिअर-तासांची बॅटरी अशा खर्चाला हिशेबाने दोन तास पुरावी; प्रत्यक्षात वापरलेली बॅटरी त्याहून पुष्कळ लवकर हात टेकते. नोव्हेंबरच्या पावसात माउंट रोडवर हेच घडते.

डायनॅमो मंदगतीला असा दुबळा का, हे सांगणे अवघड नाही. त्याच्यात वीज उत्पन्न होते ती फिरणाऱ्या आर्मेचरच्या तारांत, आणि ती सारी वीज कार्बनच्या ब्रशांमार्फत तांब्याच्या खाचदार कड्यावरून बाहेर घ्यावी लागते. आर्मेचर फार वेगाने फिरवले तर जड तारा बाहेर फेकल्या जाऊ लागतात आणि ब्रश जळतात. म्हणून त्याची कप्पी मोठी ठेवतात. इंजिन पूर्ण वेगात असताना तो सुरक्षित राहावा ही त्यातील दृष्टी. त्यामुळेच इंजिन संथ असताना तो अतिसंथ फिरतो.

अल्टरनेटरमध्ये ही रचना उलटी केली आहे. वीज देणाऱ्या तारा येथे स्थिर असतात. फिरतो तो केवळ चुंबकीय भाग, आणि त्याला दोनतीन अँपिअरचा किरकोळ प्रवाह पुरतो. असे चक्र मिनिटाला दहाबारा हजार फेरे सुखाने सहन करते. मग कप्पी लहान ठेवता येते आणि इंजिन संथ असतानाही अल्टरनेटर बऱ्यापैकी वेगात राहतो. तो देतो तो प्रवाह उलटसुलट वाहणारा. त्यास एकाच दिशेने वळवण्याचे काम सिलिकॉनचे डायोड करतात. असे स्वस्त व टिकाऊ डायोड हाती आल्यावरच, १९६० च्या सुमारास, अमेरिकेत क्रायस्लरने मोटारींवर अल्टरनेटर बसवण्यास सुरुवात केली. स्पिटफायरच्या पुढील आवृत्त्यांत ट्रायम्फनेही डायनॅमो सोडून अल्टरनेटर घेतला. ल्युकासचे १७-एसीआर हे त्या पिढीचे यंत्र ३६ अँपिअर देई. तेव्हा जुन्या हेराल्डवर अल्टरनेटर बसवणे म्हणजे काही परकी कलम लावणे नव्हे. तिच्या बहिणीने जी वाट धरली तीच ही.

याबाबतीत चेन्नईकर भाग्यवान आहेत. ल्युकास आणि टीव्हीएस या दोघांनी मिळून १९६१ साली स्थापलेली ल्युकास-टीव्हीएस कंपनी शहरातील पाडी भागातच आहे. २००१ पासून ती पूर्णपणे टीव्हीएस समूहाची झाली. हिंदुस्थानातील असंख्य गाड्यांचे सेल्फ-स्टार्टर आणि अल्टरनेटर तेथून निघाले. जनरल पॅटर्स रोडवरच्या सुट्या भागांच्या दुकानांत या वस्तू जुन्या ओळखीच्या असल्याप्रमाणे मिळतात. मारुती ८०० सारख्या छोट्या गाडीचा अल्टरनेटर जुन्या गाडीला जुळवून घेण्याची रीत आपल्या देशात सर्वत्र आहे, आणि ती वावगी नाही. मात्र कप्पी पट्ट्याच्या रुंदीची असावी, आणि ती इंजिनाच्या कप्पीशी एका रेषेत यावी. अर्ध्या बोटाचा फरक राहिला तरी पट्टा कडा खातो आणि महिन्याभरात तुटतो.

पाण्याचा मामला

पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते तिचा साधारण एक तृतीयांश भाग पाण्यावाटे बाहेर टाकावा लागतो. इंजिनाभोवती फिरून तापलेले पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून उतरते आणि समोरून येणाऱ्या वाऱ्याने निवते. गाडी धावत असेल तर वारा फुकट मिळतो. उभी असेल तर इंजिनाच्याच बळावर फिरणाऱ्या पंख्यावर भिस्त; आणि इंजिन संथ, म्हणजे पंखा संथ व पाण्याचा पंपही संथ. भोवती चाळीस अंशांची हवा आणि पुढे उभ्या असलेल्या बसचा गरम धूर असेल, तर काटा तांबड्या पट्टीकडे सरकणारच.

रेडिएटरचे झाकण हे साधे झाकण नव्हे, हे गृहिणींना चटकन पटेल. कारण त्याचे काम प्रेशर कुकरच्या शिटीसारखेच आहे. मोकळे पाणी शंभर अंशांना उकळते. चौरस इंचाला सात पौंड दाब धरणारे झाकण असेल तर ते १११ अंशांच्या आसपास, आणि तेरा पौंडांचे असेल तर सुमारे ११९ अंशांना उकळते. त्याच कारणाने तापलेल्या गाडीचे झाकण उघडणे हे वाफेने भरलेला कुकर उघडण्याइतकेच घातक आहे. इंजिन बंद करून अर्धा तास वाट पाहावी. फडके गुंडाळून उघडले तरी चालते, असे सांगणाऱ्याचे ऐकू नये. जास्त दाबाचे झाकण बसवून प्रश्न सोडवण्याचा मोहही आवरावा. साठ वर्षांच्या रेडिएटरचे डाग तो दाब सोसत नाहीत आणि गळती नव्या ठिकाणी सुरू होते.

येथे एक गोष्ट आग्रहाने सांगितली पाहिजे. गाडी तापते म्हणून लागलीच मोठा रेडिएटर आणि विजेचा पंखा यांच्या मागे धावणारे पुष्कळ आहेत. परंतु हेराल्ड तापण्याची निम्मी कारणे फार स्वल्प खर्चाची असतात. तिच्या रेडिएटरच्या दोन्ही बाजूंस जाड पुठ्ठ्याचे आडोसे असतात. समोरून आलेला वारा इकडेतिकडे न निसटता रेडिएटरमधूनच जावा, एवढेच त्यांचे काम. पावसात भिजून ते कधीतरी फाटतात, कारागीर काढून टाकतो, आणि पुढच्या मालकास ते असतात हेही ठाऊक नसते. पुठ्ठ्याचा तुकडा मापाने कापून, तेलरंग लावून तेथे बसवला की काटा खाली आल्याचे अनेकांनी अनुभवले आहे. दुसरे कारण इंजिनाच्या पोटात मागच्या सिलिंडरभोवती साचलेला गंजाचा गाळ. चेन्नईत वर्षानुवर्षे विंधण विहिरीचे खारे पाणी ओतले गेल्याने तो विशेष असतो. निचऱ्याचा बोल्ट काढून, तारेने उकरून, उलट दिशेने पाणी सोडून तो धुवावा लागतो. ठिणगी वेळेच्या मागे पडत असेल तरीही इंजिन तापते. पट्टा सैल असेल तरी तापते.

रेडिएटर खरोखरच भरला असेल तर तो टाकून देऊ नये. जुने रेडिएटर तांब्या-पितळेचे असतात. वरची व खालची टाकी उकलून मधला गाभा नवा घालता येतो. अशा डागकामाची छोटी दुकाने अजून आहेत. प्लॅस्टिकच्या टाकीच्या ॲल्युमिनियम रेडिएटरांनी त्यांचे बरेच काम हिरावून घेतले आहे, म्हणून जो करायचा तो दुरुस्तीचा बेत फार लांबणीवर टाकू नये. कारागिराला गाभ्यात नळ्यांची आणखी एक रांग घालण्यास सांगितले तर बाहेरून काही न बदलता थंडपणा वाढतो. मला विचाराल तर सर्व सुधारणांत ही सर्वांत सुंदर.

थर्मोस्टॅटविषयी आपल्याकडे एक विचित्र समजूत आहे. गाडी तापली की अनेक गॅरेजांत तो काढून फेकून देतात. वस्तुतः थर्मोस्टॅट काढल्याने इंजिन लवकर योग्य उष्णतेला येत नाही, तेल पातळ होत नाही आणि सिलिंडरची झीज वाढते. उष्ण प्रदेशासाठी थोड्या कमी तापमानाला उघडणारा, ७४ अंशांच्या आसपासचा, थर्मोस्टॅट घ्यावा. तोही बसवण्यापूर्वी पातेल्यात पाणी तापवून वेळेवर उघडतो की नाही ते पाहावे. पाण्यात घालायच्या ग्लायकॉलच्या द्रवाबद्दलही तारतम्य हवे. चेन्नईत पाणी गोठण्याचे भय नाही. निव्वळ पाणी ग्लायकॉलपेक्षा अधिक उष्णता वाहून नेते. तेव्हा गंज रोखण्यापुरता पाव ते एक तृतीयांश द्रव आणि बाकी शुद्ध केलेले पाणी, हे प्रमाण तेथे योग्य ठरते.

पेट्रोलसंबंधीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. आता आपल्या पंपांवर वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. ते जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही. शिवाय तापलेल्या इंजिनाजवळून जाणाऱ्या नळीत पेट्रोलची वाफ धरून गाडी थांबते, आणि दोष बिचाऱ्या रेडिएटरला लागतो. नळ्या नव्या घालाव्यात आणि त्या एक्झॉस्टपासून दूर बांधाव्यात.

दोन्ही मिळून एकच काम

इतके सारे करूनही मे महिन्याच्या दुपारी गर्दीत उभ्या असलेल्या गाडीला वारा हवाच असतो. तेथे विजेचा पंखा उपयोगी पडतो, कारण तो इंजिनाच्या वेगावर अवलंबून नसतो. परंतु असा पंखा आठ-दहा अँपिअर ओढतो, काही याहूनही अधिक. आणि त्याची गरज पडते ती नेमकी इंजिन संथ असताना, म्हणजे डायनॅमो काही देत नसताना. डायनॅमो तसाच ठेवून पंखा बसवणाऱ्याची गाडी तापायची थांबते खरी, पण तिसऱ्या चौकात तिची बॅटरी बसते. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण येथे अक्षरशः लागू आहे. पाण्याची सुधारणा विजेवर अवलंबून आहे, म्हणून क्रम चुकवू नये : आधी धुणे, पुठ्ठे आणि रेडिएटर, मग अल्टरनेटर, आणि सर्वांत शेवटी पंखा. पुष्कळदा पहिल्या पायरीनंतर पंख्याची गरज उरत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

अल्टरनेटर बसवताना एका गोष्टीची जोखीम मोठी आहे. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या ब्रिटिश धाटणीच्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. आजच्या गाड्यांत ऋण टोक जोडतात. अल्टरनेटरला उलटी बॅटरी जोडली तर त्याचे डायोड क्षणार्धात जळतात. म्हणून प्रथम बॅटरी फिरवून घ्यावी, ठिणगीच्या कॉइलवरच्या दोन तारा अदलाबदल कराव्यात, अँपिअरमापकाच्या ताराही तशाच उलटाव्यात. जुना रेडिओ असेल तर तो जाणत्याला दाखविल्याशिवाय चालू करू नये. सेल्फ-स्टार्टरला मात्र काहीच करावे लागत नाही. त्याच्या रचनेमुळे तो दोन्ही जोडण्यांत एकाच दिशेने फिरतो. दिव्यांनाही फरक पडत नाही.

दुसरी जोखीम आगीची. डायनॅमोच्या २२ अँपिअरसाठी घातलेल्या तारेतून पस्तीस-चाळीस अँपिअर जाऊ लागले की ती तापते, आणि साठ वर्षांचे तिचे वेष्टण कुठेतरी ठिसूळ झालेले असतेच. त्या काळच्या गाड्यांत फ्यूजही फार थोडे असत. म्हणून अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत नवी जाड तार ओढावी आणि तिच्यात योग्य शक्तीचा फ्यूज घालावा. फलकावरच्या तीस अँपिअरच्या जुन्या मापकातून हा प्रवाह नेऊ नये. त्याऐवजी व्होल्टमापक लावला तर तो अधिक खरे सांगतो. पंख्याची तार फलकावरच्या बटणापर्यंत न नेता रिलेमार्फत जोडावी, आणि पाण्याच्या उष्णतेवर चालू-बंद होणारा स्विच त्यास द्यावा. फलकावरचा तांबडा दिवा अनेकजण निरुपयोगी समजून काढतात. पण अल्टरनेटरला जागे करणारा पहिला प्रवाह त्याच छोट्या बल्बमधून जातो. बल्ब गेला तर अल्टरनेटर मुकाट बसून राहू शकतो. आणखी एक : इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून ‘चार्जिंग होते का’ पाहण्याची जी गॅरेजातली जुनी खोड आहे, ती डायनॅमोला खपत असे, अल्टरनेटरला खपत नाही.

मूळ वस्तूचे काय, हा प्रश्न जाणकार लोक विचारतात आणि तो रास्त आहे. २०२१ साली केंद्र शासनाने व्हिंटेज वाहनांचे नियम केले. पन्नास वर्षांहून जुन्या खाजगी गाड्यांना त्यान्वये ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये आणि मुदत दहा वर्षांची. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे अशा कामांसाठीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापरासाठी नव्हे. ती मूळ रूपात असावी, सांगाडा, बाह्य कवच किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशीही अट आहे. तेव्हा ज्यांना ही नोंदणी हवी आहे त्यांनी काम हाती घेण्यापूर्वीच परिवहन कार्यालयात विचारणा केलेली बरी. माझ्या मते अल्टरनेटर व पंखा यांचे काम असे करावे की पत्र्याला एकही नवे भोक पडू नये. जुनी नियंत्रक पेटी जागच्या जागी ठेवून तिच्या आतल्या तारा तेवढ्या बदलता येतात. बॉनेट उघडणाऱ्यास ती पूर्वीसारखीच दिसते. डायनॅमोच्याच आकाराच्या कवचात घातलेले अल्टरनेटरही परदेशात बनतात. ते महाग पडतात, आणि केवळ दर्शनी साम्यासाठी इतका खर्च करावा की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे.

काम पुरे झाल्यावर त्याची परीक्षा घराच्या अंगणातच घेता येते. संध्याकाळी इंजिन संथ चालवून पुढचे दिवे, वायपर आणि पंखा एकदम लावावेत. व्होल्टमापक साडेतेराच्या खाली न जाता चौदाच्या आसपास राहिला, पंखा काही मिनिटे फिरून आपोआप थांबला, पुन्हा लागला, आणि पाण्याचा काटा मध्यावर स्थिर राहिला, की गाडी माउंट रोडला नेण्यास हरकत नाही. हाताने चाचपून नवी तार गरम लागते का तेवढे पाहावे. उतरवलेला डायनॅमो भंगारात देऊ नये. त्याच्या बेअरिंगांत वंगण भरून, तेलकट कापडात गुंडाळून, बदललेल्या तारांचा आराखडा कागदावर काढून तो पेटीत सोबत ठेवावा. पुढे गाडी ज्याच्या हाती जाईल त्याला ती मूळ स्थितीत आणावीशी वाटली, तर एका दुपारचे काम आहे.